पीएच मीटर बिघडतो तो कपाटात: इलेक्ट्रोड सांभाळण्याची सविस्तर पद्धत

दसरा-दिवाळीच्या सुमारास चुलवाणं पेटली की कोल्हापूरच्या आसपासच्या गुऱ्हाळांवर एक तक्रार हमखास ऐकू येते. "मार्चमध्ये चांगला चालत होता की. आता रसात घाला नाहीतर चुन्याच्या निवळीत घाला, सातच दाखवतोय. मीटर खुळा झालाय काय?" मीटरला काही झालेलं नसतं. त्याचं टोक, म्हणजे इलेक्ट्रोड, उन्हाळाभर, पावसाळाभर कपाटात कोरडं पडलेलं असतं.

हातात धरायचा पेनसारखा पीएच मीटर आता आपल्याकडे बऱ्याच जणांकडे दिसतो. द्रव किती ॲसिड किंवा किती अल्कली आहे ते तो आकड्यात सांगतो: सात मधोमध, त्याखाली ॲसिड, वर अल्कली. गुळवे रसात चुना किती घालायचा ते त्यावर ठरवतात. शिरोळ-हातकणंगले भागातल्या पॉलिहाऊसमध्ये खताच्या पाण्याला तो लागतो. फवारणीचं पाणी बघायला, क्षारपड जमिनीची माती तपासायला शेतकरी घेतात. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत सीएनसी मशीनचं कूलंट तपासायलाही हाच वापरतात. वापरताना बहुतेक जण काळजी घेतात. मीटर मरतो तो न वापरण्याच्या काळात. म्हणून या लेखात मोजायचं कसं यापेक्षा ठेवायचं कसं याला जास्त जागा दिली आहे.

टोकाच्या आत काय असतं

एवढं समजून घेतलं की पुढचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

टोकाला पातळ काचेचा एक छोटा बल्ब असतो. ही काच खास बनावटीची असते. ती ओली राहिली की तिच्या पृष्ठभागावर जेलसारखा अगदी सूक्ष्म थर तयार होतो आणि समोरच्या द्रवातल्या हायड्रोजन आयनांना हाच थर दाद देतो. थर वाळला की काच बधिर होते. मग समोर ॲसिड असो वा अल्कली, आकडा एकाच जागी बसून राहतो किंवा तासभर सरकत राहतो.

दुसरा भाग आतमध्ये दडलेला असतो, त्याला रेफरन्स म्हणतात. चांदीची तार, तिच्यावर सिल्व्हर क्लोराइडचा लेप आणि भोवती पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण किंवा जेल. बल्बच्या शेजारी नीट बघितलं तर सिरॅमिकचा किंवा धाग्याचा एक बारीक सच्छिद्र ठिपका दिसेल. ते जंक्शन. आतला क्षार तिथून अगदी सावकाश बाहेर झिरपत असतो आणि त्यातूनच मोजणीचं सर्किट पूर्ण होतं. जंक्शनवर चुना, माती, साय किंवा तेल बसलं, किंवा आतला क्षार वाळून खडा झाला, की आकडा भरकटतो.

या दोन भागांमधला व्होल्टेजचा फरक मीटर मोजतो. २५ अंश सेल्सिअसला पीएचच्या एका अंकामागे हा फरक ५९.१६ मिलिव्होल्ट असतो. पडद्याच्या मागचं इलेक्ट्रॉनिक्स सहसा बिघडत नाही. 'मीटर गेला' म्हणून आणलेल्या पेनमध्ये दोष बहुतेक वेळा या दोन सेंटिमीटरच्या टोकातच सापडतो.

भिजत ठेवायचं द्रावण

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत. 'टोक ओलं ठेवा' हे ऐकलेलं असतं, म्हणून पुष्कळ जण टोपणात डिस्टिल्ड वॉटर किंवा आरओचं पाणी घालतात. शुद्ध पाणी म्हणजे चांगलं पाणी असा सरळ हिशेब. इलेक्ट्रोडच्या बाबतीत तो उलटा पडतो. शुद्ध पाण्यात क्षार जवळपास नसतात, त्यामुळे ते जंक्शनमधून आतला पोटॅशियम क्लोराइड ओढून घेतं आणि काचेच्या थरातले आयनही काढतं. महिनाभर असं ठेवलेलं टोक कोरड्या टोकापेक्षा फारसं बरं नसतं. डिस्टिल्ड वॉटर हवं ते धुवायला आणि द्रावणं बनवायला, साठवायला नाही.

योग्य द्रव म्हणजे ३ मोलर पोटॅशियम क्लोराइड. 'इलेक्ट्रोड स्टोरेज सोल्यूशन' या नावानं तयार बाटली मिळते. घरी करायचं तर असं करा:

१. प्रयोगशाळेच्या दर्जाचं पोटॅशियम क्लोराइड आणा. शाळा-कॉलेजांना साहित्य पुरवणाऱ्या दुकानात मिळतं, महाग नाही.

२. २२.४ ग्रॅम मोजून घ्या. सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा असला तर उत्तम. नसला तरी एखादा ग्रॅम इकडेतिकडे झाल्यानं साठवणीत काही बिघडत नाही.

३. साधारण ८० मिलि डिस्टिल्ड वॉटरमध्ये ते विरघळवा. विरघळताना भांडं हाताला गार लागेल. घाबरू नका, या क्षाराचा तो गुणच आहे.

४. सगळं विरघळल्यावर डिस्टिल्ड वॉटर घालून एकूण १०० मिलि करा आणि घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या बाटलीत भरा. बाटलीवर नाव आणि तारीख लिहा.

संपृक्त, म्हणजे मावेल तेवढा क्षार घातलेलं द्रावणही चालतं, पण थंडीत त्यात खडे बसतात आणि ते जंक्शनवर चिकटतात. ३ मोलरमध्ये हा त्रास आपल्याकडच्या हवेत होत नाही.

आता शेतकऱ्यांच्या डोक्यात येणारा हमखास विचार: पोटॅशियम क्लोराइड म्हणजे आपलं म्युरेट ऑफ पोटॅशच ना, गोठ्यात पोतं आहे की. रसायन तेच, हे खरं आहे. पण खताच्या पोटॅशमध्ये माती, लोह आणि न विरघळणारा गाळ असतो, तांबडा रंग त्यातूनच येतो. तो गाळ जंक्शनमध्ये जाऊन बसला की काढणं फार अवघड. पांढरं दिसणारं पोटॅशही खत म्हणूनच बनवलेलं असतं. मूठभर क्षाराच्या बचतीसाठी इलेक्ट्रोड घालवू नका. जेवणातलं मीठही नको. तो सोडियम क्लोराइड, आणि वर गुठळ्या होऊ नयेत म्हणून त्यात आणखी काही मिसळलेलं असतं.

द्रावण हाताशी नसेल आणि टोक आज रात्री ओलं ठेवायचंच असेल, तर पसंतीचा क्रम असा: आधी पीएच ४ चं बफर (बफर म्हणजे ठरावीक पीएचचं, मीटर जुळवायला वापरायचं द्रावण), ते नसेल तर ७ चं बफर, तेही नसेल तर नळाचं पाणी. हो, नळाचं पाणी आरओच्या पाण्यापेक्षा बरं, कारण त्यात थोडे तरी क्षार असतात. पण ही तात्पुरती सोय. बफरमध्ये बुरशी धरते, विशेषतः पावसाळ्यात.

नवा मीटर हातात आल्यावर

स्वस्त पेन बहुतेक वेळा कोरड्या टोपणासह येतात. पाकीट फोडलं, बटण दाबलं आणि रसात बुडवला, असं करू नका. टोक धुऊन साठवणीच्या द्रावणात निदान रात्रभर ठेवा, मग कॅलिब्रेशन करा, म्हणजे बफरवर मीटरचा आकडा जुळवून घ्या. टोपणावर किंवा टोकावर पांढरी पावडर दिसली तर तो आतून आलेला क्षार असतो. मीटर खराब निघाला असं समजून परत पाठवण्याची गरज नाही, धुतला की जातो.

बल्बच्या आत हवेचा बुडबुडा दिसला तर ताप मोजायचा जुना पाऱ्याचा थर्मामीटर झटकायचो तसा मीटर टोक खाली करून हलकेच झटका. द्रव बल्बमध्ये उतरला पाहिजे.

मोजणीच्या दिवसाची शिस्त

मोजायच्या आधी टोपण काढा, टोक डिस्टिल्ड वॉटरनं धुवा, पाणी टिपकागदानं किंवा मऊ टिश्यूनं टिपून घ्या. टिपायचं, पुसायचं नाही. टॉवेलनं, पंच्यानं किंवा सदऱ्याच्या टोकानं बल्ब चोळला की काचेवर स्थिर वीज साचते आणि आकडा काही वेळ नाचत राहतो. शिवाय बारीक ओरखडे पडतात. धुवायला बॅटरीसाठी मिळणारं डिस्टिल्ड वॉटर चालतं. पाण्याची पिचकारीची एक बाटली मीटरच्या पिशवीतच ठेवा, नाहीतर धुणं टळतं.

गुऱ्हाळावर एक गोष्ट कटाक्षानं पाळा: काहिलीत मीटर बुडवायचा नाही. बहुतेक पेनची मर्यादा ५० अंशांच्या आसपास असते आणि उकळता रस तिच्या दुप्पट गरम. काच लगेच तडकली नाही तरी एकेका बुडीत तिचं आयुष्य कमी होतं, आतलं जेल फुगतं आणि जंक्शन उखडतं. छोट्या स्टीलच्या भांड्यात रस काढा, भांडं गार पाण्यात धरून रस कोमट होऊ द्या आणि मग मोजा. ताज्या उसाच्या रसाचा पीएच साधारण सव्वापाच ते साडेपाच असतो आणि चुन्याच्या निवळीनं तो सहाच्या वर आणायचा असतो. एवढ्या बारीक फरकाच्या कामात गरम रसातला आकडा उपयोगाचाही नाही. मीटरवर 'एटीसी' लिहिलेलं असलं तरी ती सोय इलेक्ट्रोडच्या व्होल्टेजवर तापमानाचा होणारा परिणाम सुधारते. गरम झाल्यावर रसाचा स्वतःचा पीएच बदलतो, ते ती सुधारत नाही. रोज एकाच तापमानाला मोजलं तर आजचा आकडा कालच्याशी ताडता येतो.

मातीसाठी एक भाग मातीला अडीच भाग डिस्टिल्ड वॉटर घाला, ढवळा, अर्धा तास निवळू द्या आणि वरच्या पाण्यात टोक बुडवा. काळ्या मातीच्या चिखलात मीटर रोवणं म्हणजे काचेला खरकागद लावणं.

काम झालं की लगेच धुवा. रस वाळू दिला की साखर, मळी आणि रस साफ करायला घातलेल्या भेंडीचा बुळबुळीतपणा एकत्र घट्ट बसतो. पाच मिनिटांत जे पाण्यानं निघतं त्याला दुसऱ्या दिवशी तासभर भिजवावं लागतं. मग टोपणात, किंवा टोपणातल्या स्पंजवर, द्रावणाचे थेंब टाका, घट्ट बसवा आणि मीटर उभा ठेवा, टोक खाली. बल्ब आणि जंक्शन दोन्ही ओले राहतील एवढं पुरे. टोपण काठोकाठ भरलं तर दाबून बसवताना द्रव वर जातो आणि हळूहळू बॅटरीच्या कप्प्यापर्यंत पोचतो.

मीटर चुलवाणाजवळच्या फळीवर नको, दुपारच्या उन्हात मोटारसायकलच्या डिकीतही नको.

हंगाम संपल्यावर

गुऱ्हाळ मार्च-एप्रिलला थांबतं आणि पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरला पेटतं. मधले सहा-सात महिने मीटरला कोणी हात लावत नाही. या काळात आपल्याकडची हवा दोन टोकांची असते. एप्रिल-मेचा उन्हाळा टोपणातलं पाणी उडवतो, आणि जूननंतरच्या पावसात त्याच टोपणात बुरशी वाढते. म्हणून मीटर ठेवून देण्याचा दिवस एखाद्या छोट्या कामासारखाच धरा.

आधी टोक पूर्ण स्वच्छ करा. पद्धत पुढे दिली आहे. हंगामभराचा चुन्याचा थर तसाच ठेवून भिजत घातला तर तो काही आपोआप निघत नाही.

मग टोपण धुऊन वाळवा. आत स्पंज असेल तर तो दाबून धुवा, काळा पडला असेल तर नवा कापून बसवा. ताजं ३ मोलर द्रावण घाला. बाष्पीभवन थांबवायला एक साधा उपाय आहे: प्लंबरचा पांढरा टेफ्लॉन टेप. टोपण बसतं तिथे दोन वेढे द्या आणि वरून टोपण दाबा. बाहेरून सांध्यावर स्वयंपाकघरातली प्लास्टिकची पातळ फिल्म गुंडाळली तर आणखी चांगलं.

बॅटऱ्या काढा. एलआर४४ सारख्या बटणाच्या बॅटऱ्या महिनोन् महिने आत राहिल्या की पाझरतात आणि पट्ट्या गंजतात. काढलेल्या बॅटऱ्या मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा जागी ठेवा. गिळल्या तर त्या जिवावर बेततात.

मीटर पेल्यात उभा करून घरात, सावलीत, सामान्य तापमानाला ठेवा. फ्रिजची गरज नाही आणि फ्रीझरमध्ये तर मुळीच नको. पुढची पायरी बहुतेकांच्या हातून राहते: महिन्यातून एकदा टोपण उघडून बघायचं. मोबाईलवर पहिल्या तारखेची आठवण लावा, किंवा अमावस्येला यंत्रांना नारळ फोडता त्याच दिवशी बघा. द्रव कमी झाला असेल तर भर घाला, गढूळ झाला असेल किंवा वास येत असेल तर ओतून टाका, टोक धुवा आणि ताजा घाला. पावसाळ्यात हे काम चुकवू नका. बाहेर पांढरे खडे आलेले दिसले तर ते पाण्यानं धुवा. खडे आले म्हणजे द्रव सांध्यातून बाहेर पडतोय, टेप पुन्हा गुंडाळा.

कॅलिब्रेशन म्हणजे तब्येतीची तपासणी

बफरची दोन घराणी बाजारात आहेत आणि त्यांची सरमिसळ होते. प्रयोगशाळेच्या गोळ्या-कॅप्सूल ४, ७ आणि ९.२ च्या मिळतात. स्वस्त पेनबरोबर येणाऱ्या पुड्या ४.००, ६.८६ आणि ९.१८ च्या असतात. पेन स्वतः ६.८६ धरून चालत असेल आणि तुम्ही ७ चं बफर दिलं, तर चूक पहिल्याच पायरीला होते. मीटरच्या कागदावर कुठलं घराणं लिहिलंय ते बघा. पुडी किंवा गोळी किती पाण्यात विरघळवायची तेही पाकिटावर असतं. साधारणपणे पुडीला २५० मिलि आणि गोळीला १०० मिलि डिस्टिल्ड वॉटर लागतं.

आधी नेहमी ७ (किंवा ६.८६). नंतर दुसरा बिंदू तुमच्या कामाकडचा घ्या: रसाला आणि खताच्या पाण्याला ४, क्षारपड मातीला आणि कूलंटला ९.२. वापरलेलं बफर बाटलीत परत ओतू नका. अल्कलीकडचं बफर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून खाली घसरतं, म्हणून त्याची बाटली कायम बंद आणि द्रावण शक्य तितकं ताजं.

तब्येत बघायची एक युक्ती आहे, साध्या पेनवरही चालते. मीटरमध्ये आधीचं कॅलिब्रेशन साठवलेलं असेल तर फॅक्टरी रिसेट करा. मग फक्त ६.८६ वर जुळवा. आता टोक धुऊन ४.०० च्या बफरमध्ये बुडवा, पण कॅलिब्रेशनचं बटण दाबू नका. नुसता आकडा वाचा. ४.१५ पर्यंत आला तर इलेक्ट्रोड धडधाकट आहे. ४.३ च्या आसपास थांबला तर त्याची ताकद साधारण ९० टक्क्यांवर आली आहे, सफाई करून पुन्हा बघा. सफाईनंतरही साडेचारच्या पुढेच राहिला तर बदलायची वेळ झाली. ज्यांच्या मीटरवर मिलिव्होल्ट दिसतात त्यांनी असं बघावं: ७ च्या बफरमध्ये शून्याच्या अलीकडे-पलीकडे ३० पर्यंत ठीक, आणि ७ व ४ च्या आकड्यांत २५ अंशांना १७७ च्या जवळपास फरक हवा. १६० च्या खाली गेला तर सफाई.

वेळेवरही लक्ष ठेवा. चांगलं टोक बफरमध्ये अर्ध्या ते एका मिनिटात स्थिरावतं. तीन-चार मिनिटं सरकत राहिलं तर कॅलिब्रेशन करू नका. आजारी टोकाला जबरदस्तीनं जुळवून घेतलं की पुढचे सगळे आकडे खोटे आणि वर खात्रीचे वाटणारे. वापर रोजचा असेल तर रोज सकाळी, नाहीतर प्रत्येक वापराआधी, एवढं तपासायला पाच मिनिटं लागतात.

मळ कशाचा, त्यावर सफाई

सगळ्याला एकच औषध नाही. सौम्य उपायापासून सुरुवात करा आणि प्रत्येक सफाईनंतर टोक धुऊन साठवणीच्या द्रावणात निदान तासभर ठेवा. मगच पुन्हा कॅलिब्रेशन.

रस, साखर, मळी: कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं, त्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचा एक थेंब. बहुतेक वेळा एवढ्यानं भागतं.

चुना आणि कडक पाण्याचा पांढरा थर: घरातलं साधं व्हिनेगर, पंधरा ते तीस मिनिटं. जुना थर असेल तर ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिड. तीव्र ॲसिड १ मिलि आणि पाणी १०० ते १२० मिलि, ॲसिड पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडात नाही. ठिबकच्या नळ्यांना ॲसिड सोडणाऱ्यांना हे सांगायला नको, पण हातमोजे आणि चष्मा त्यांनीही घालावा. फरशी धुवायचं ॲसिड वापरू नका, त्यात काय काय मिसळलंय ते कळायला मार्ग नसतो.

माती: पिचकारीच्या धारेनं. जंक्शनवर अडकलेली असेल तर मऊ, जुन्या टूथब्रशनं फक्त जंक्शन हलकेच घासा. बल्बला ब्रश लावायचा नाही.

दूध, दही, पनीर: प्रथिनांचा थर पाण्यानं निघत नाही. गरम पाणी तर मुळीच घालू नका, प्रथिन आणखी घट्ट बसतं. यासाठी पेप्सिनचं द्रावण मिळतं. ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये ५ टक्के पेप्सिन, त्यात तासभर. छोट्या डेअरीवाल्यांनी रोजच्या रोज गार पाण्यात धुवायची सवय लावली तर याची वेळ क्वचित येते.

कूलंट आणि तेल: साबणाच्या पाण्यानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये मिनिटभर फिरवा, लगेच भरपूर पाण्यानं धुवा. अल्कोहोलमध्ये भिजत ठेवू नका, ते काचेच्या थरातलं पाणी ओढतं. प्लास्टिकच्या अंगाच्या पेनला पेट्रोल, थिनर, ॲसिटोन कधीच नको.

काळं पडलेलं जंक्शन: आतली चांदी आणि बाहेरचं सल्फाइड यांची ती करामत. सांडपाण्यात, सडक्या सेंद्रिय द्रावणात हे होतं. ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये ७.५ टक्के थायोयुरिया, काळेपणा जाईपर्यंत. पण थायोयुरिया विषारी आहे, हे काम घरच्या मोरीत करण्यापेक्षा प्रयोगशाळेत करून घेतलेलं बरं. अशा पाण्यातच रोजचं काम असेल तर डबल जंक्शनचा इलेक्ट्रोड घ्यावा.

एक इशारा कारखानदारांना. स्टेनलेस स्टीलच्या पिकलिंगला नायट्रिकबरोबर हायड्रोफ्लोरिक ॲसिड वापरतात. त्या टाकीत साध्या काचेचा इलेक्ट्रोड बुडवू नका. हायड्रोफ्लोरिक काच खातं आणि बल्ब बघता बघता पातळ होतो.

कोरडं पडलेलं टोक जिवंत होतं का?

पुष्कळदा होतं. घाई मात्र चालत नाही.

१. आधी धुऊन मळ काढा आणि टोक ३ मोलर द्रावणात चोवीस तास ठेवा. अर्ध्याअधिक मीटरचा प्रश्न इथेच सुटतो, म्हणून पुढच्या पायरीला लगेच उडी मारू नका.

२. वरची ६.८६-४.०० तपासणी करा. आकडा सरकतो पण फार सावकाश, अशी गत असेल तर ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये अर्धा तास, धुवा, पुन्हा रात्रभर साठवणीच्या द्रावणात.

३. बल्ब ठीक पण आकडा भरकटतो, ढवळल्यावर वेगळा आणि स्थिर असताना वेगळा येतो, तर दोष जंक्शनचा समजा. साठवणीचं द्रावण वाटीत घेऊन, वाटी गरम पाण्यात ठेवून साधारण ५० अंशांपर्यंत तापवा. टोक त्यात दहा मिनिटं धरा आणि त्यातच गार होऊ द्या. जंक्शनमध्ये वाळलेला क्षार यानं विरघळतो. तुमच्या पेनची तापमानाची मर्यादा याहून कमी असेल तर कोमटावर भागवा आणि वेळ वाढवा.

४. वर भरायचं भोक असलेला वेगळा इलेक्ट्रोड असेल तर आतलं जुनं द्रावण सिरिंजनं काढा आणि नवं भरा. कुठलं भरायचं ते त्याच्या कागदावर लिहिलेलं असतं. काहींना नुसतं पोटॅशियम क्लोराइड लागतं, काहींना सिल्व्हर क्लोराइड मिसळलेलं. मोजताना भोक उघडं, ठेवताना बंद. साध्या पेनमध्ये जेल सीलबंद असतं, तिथे ही पायरी नाही.

काचेचा वरचा थर फ्लोराइडच्या द्रावणानं कोरून काढण्याची एक पद्धत प्रयोगशाळांत आहे. ती इथे मुद्दाम देत नाही. त्यातून हायड्रोफ्लोरिक ॲसिड तयार होतं, कातडीतून आत जातं आणि हाडापर्यंत इजा करतं. काही हजारांच्या मीटरसाठी तो धोका घ्यायचा नाही.

बदलायचा कधी, घ्यायचा कुठला

उत्तम निगा राखली तरी इलेक्ट्रोड म्हातारा होतोच. जेलचा साधारण वर्ष-दीड वर्ष, काळजीपूर्वक वापरला तर दोन वर्षं. सतत गरम किंवा फार अल्कली द्रवात याहून कमी. चोवीस तास भिजवून, ॲसिडनं धुऊन, जंक्शन मोकळं करूनही ४.०० च्या बफरमध्ये साडेचारच्या पुढे थांबत असेल, किंवा दोन्ही बफरमध्ये एकच आकडा येत असेल, तर अजून खटपट करण्यात अर्थ नाही. एकच आकडा येत असेल तर बल्ब उजेडात धरून बघा, बहुतेक वेळा केसाएवढी चीर सापडते.

पुढचा मीटर घेताना इलेक्ट्रोड बदलता येणारा घ्या, असं माझं ठाम मत आहे. सुरुवातीला दोन-तीन पट पैसे जातात, पण दुसऱ्यांदा बदलायचं असतं ते फक्त टोक. टोपणात द्रव ठेवण्याची सोय आहे का ते बघा. आणि इलेक्ट्रोडच्या खोक्यावर बनवल्याची तारीख शोधा. दुकानाच्या फळीवर पडून राहिलेला इलेक्ट्रोडही म्हातारा होत असतो, म्हणून 'दोन घ्या, स्वस्तात देतो' म्हटलं तरी हंगामापुरता एकच घ्या. खरेदी जूनमध्ये नको, गुऱ्हाळ सुरू व्हायच्या पंधरा-वीस दिवस आधी करा, म्हणजे भिजवायला, तपासायला आणि नग खराब निघाला तर बदलून आणायलाही वेळ राहतो.